काचेखालचा बुडबुडा

साऱ्या नाशकात कांद्यावर माझ्या नणंदेइतकं प्रेम कोणी केलं नसेल, आणि त्यांच्याइतका कमी कांदा कोणी खाल्लाही नसेल. तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांना वन्सं म्हणते, आणि त्या मला वहिनी. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. सटाण्याचे आमचे एक नातेवाईक दर उन्हाळ्यात कांद्याची गोणी पाठवतात. गोणी आली की बाकीचे लोक कांदे पसरून ठेवतात, सडके वेगळे काढतात. वन्सं आधी एक कांदा चिरतात, आतल्या पाकळीवरचा पापुद्रा चिमट्याने अलगद सोलतात, काचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब सोडतात, मायक्रोस्कोपखाली सरकवतात आणि हाक मारतात, "वहिनी, या, बघा." माझा गॅस चालू असतो, कुकरची शिट्टी व्हायची असते, गुडघे कुरकुरत असतात. तरी जावं लागतं. नाही गेलं तर त्या मायक्रोस्कोपच इकडे घेऊन येतात, आणि तो ठेवायला मला ओटा रिकामा करावा लागतो. गेल्या हिवाळ्यात ही हाक थांबली होती. ती पुन्हा ऐकू येईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांच्याविषयी थोडं लिहून ठेवते आहे.

तो मायक्रोस्कोप कॉलेजने भंगारात काढला तेव्हा वन्संनी घरी आणला. त्याच्या खाली एक आरसा आहे, तो खिडकीकडे वळवून उजेड पकडायचा असतो. त्यामुळे त्या खिडकीत कपडे वाळत घालायची सोय नाही, आणि वरच्या मजल्यावरून कोणाची साडी लोंबली तर वन्सं काठीने ती बाजूला सारतात. "तुमच्या परकरामुळे माझा सूर्य जातो," असं त्यांनी एकदा वरच्या बाईंना जिन्यात सांगितलं. त्या बाई आजही माझ्याशीच बोलतात, त्यांच्याशी नाही. माझं लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात वन्सं मला त्यांच्या कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेल्या होत्या. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, पेशी हा शब्द मला फक्त ऐकून माहीत. डोळा लावला तर काळ्याभोर काठाचं, गोल, चकचकीत असं काहीतरी दिसलं. किती सुंदर पेशी आहे, असं मी म्हटलं. वन्संनी बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ती हवा आहे." वरची पातळ काच तिरकी धरून हळूच टेकवली नाही तर खाली बुडबुडा अडकतो, आणि नवखा माणूस नेमका त्याच्याकडेच बघत बसतो. खऱ्या पेशी बाजूला असतात, विटांच्या भिंतीसारख्या एकीला एक लागून, फिक्या आणि निमूट. तेव्हापासून मी कशाचंही कौतुक केलं की, मग ते स्थळ असो, नवा डॉक्टर असो की गंगापूर रोडवरची जाहिरातीतली इमारत असो, वन्सं चष्म्यावरून बघून एवढंच म्हणतात, "वहिनी, बुडबुडा."

त्यांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही, काडी मिळते. गालाच्या आतून ती फिरवायची, काचेवर पुसायची, आणि स्वतःच्या पेशी स्वतः बघायच्या. मग चहा. विमा विकायला आलेला एक गृहस्थ स्वतःच्या गालाच्या पेशी पाहून इतका गंभीर झाला की विम्याचं बोलायचं विसरून गेला. भाजीवाल्या मावशींचा कांदा वन्सं चार बाजूंनी निरखायला लागल्या की मावशी विचारत, "ताई, कांदा खायाचा हाय का पूजायचा?" एका सत्यनारायणाला गोदावरीचं पाणी तीर्थात घातलं होतं. वन्संनी त्यातला थेंब घरी नेऊन पाहिला. भटजींसकट आम्ही सगळे धास्तावून बसलो. वन्सं परत आल्या, तळहात पुढे केला आणि म्हणाल्या, "द्या. लोक राहतात त्यात." आणि प्यायल्या. आम्ही कोणी प्यायलो नाही.

तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा मी बरेच दिवस नीट जेवत नव्हते. वन्संना समजूत घालता येत नाही. त्यांनी मला शिकवायला घेतलं. पेशी कुठून तरी अचानक येत नाही, त्या म्हणाल्या, ती आधीच्या पेशीतूनच येते, मधे एकदाही खंड न पडता. म्हणजे तुमचा मुलगा तिकडे गेला असं नाही, तुमचीच एक पेशी चालत चालत तिथवर पोचली आहे. मला त्यातलं निम्मंच पटलं, पण मी जेवले. मग त्या स्वतःच्या ताटाकडे बघत सहज बोलल्या, "दादाची ओळ पुढे चालली. माझी माझ्यापाशी संपते. ठीक आहे, कोणी तरी शेवटी असायचंच." त्यानंतर त्यांनी ताक मागितलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मानेत गाठ आली. तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि अहवाल आम्हाला भीती होती तसाच आला. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून दवाखान्याने तपासलेली काचपट्टीही आमच्या हातात दिली. रिक्षात वन्संनी ती पाकिटातून काढून उजेडात धरली. घरी आल्यावर माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकटीने काही पाहिलं असं झालं नव्हतं. मी दारात उभी राहिले, मग दमून जिन्याच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने दार उघडलं. काय दिसलं, ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "मी वनस्पतीवाली, मला माणसातलं कळत नाही. पण वर्गात दंगा चाललाय हे ओळखायला कुठलीही मास्तरीण पुरते." मग भिंतीला टेकून म्हणाल्या, "बाकीच्या पेशींना कुठं थांबायचं ते कळतं, वहिनी. यांना कळत नाही. माझ्या पेशींनी जन्मभर पुढं जायचं नाव नाही काढलं, आणि आता म्हातारपणी सुचलंय."

दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. उपचार लगेच सुरू केले तर आशा आहे, उशीर नको, असं म्हणाले. वन्संनी नको म्हटलं. औषध चांगल्या पेशीही मारतं, आणि ज्यांचं इतकी वर्षं कौतुक केलं त्यांना या वयात विष घालणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तुमच्या बाबांनी फोनवर समजावलं. मी रडून पाहिलं, रागावून पाहिलं. मायक्रोस्कोपवर त्यांनी जुना टॉवेल टाकला होता. वरच्या बाईंची साडी दिवसभर त्या खिडकीत लोंबत होती आणि कोणी काठी उचलत नव्हतं. मी दोन वेळा डबा न्यायची आणि तसाच परत आणायची. या वयात माणूस रडूनही लवकर दमतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

एका दुपारी कोशिंबिरीला कांदा चिरताना पापुद्रा आपोआप सुटून बोटाला चिकटला. मी तो तसाच घेऊन समोर गेले. वन्सं पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी टॉवेल काढला, पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, तो सुरकुतला, आयोडीन टेबलावरही सांडलं. वरची काच ठेवली आणि आरसा फिरवला. मग म्हणाले, "वन्सं, या, बघा. किती सुंदर पेशी आहे."

त्या हलल्या नाहीत. मी डोळा लावून बसले. माझी पाठ दुखायला लागली. थोड्या वेळाने पलंग करकरला, पावलं आली, आणि मला खांद्याने बाजूला सारून त्यांनी डोळा लावला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एक काच टेकवायला शिकला नाहीत." त्यांनी चिमटा मागितला. पापुद्रा सरळ केला, नवा थेंब सोडला, काच तिरकी धरली. पहिल्यांदा बुडबुडा अडकला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी त्यांच्या मनगटाखाली माझा हात धरला आणि काच बसली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. बुडबुडा मी मुद्दाम ठेवला होता की माझा हातच तसा आहे, हे मला विचारू नका. मलाही नक्की माहीत नाही.

काचेवरून डोळा न काढता त्या म्हणाल्या, "तुमच्यानं एकटीनं हे जमायचं नाही."

"नाहीच जमणार," मी म्हटलं.

"मग सांगा त्या डॉक्टरांना. येते म्हणावं."

उपचार अजून चालू आहेत. केस गेले, त्या डोक्याला रुमाल बांधतात, आणि जिभेला चव नाही म्हणून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची त्यांची एक सोय गेली. पुढचं काय ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं की मी संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठत नाही. या उन्हाळ्यात तुम्ही आलात तर दारातच काडी हातात मिळेल. कंटाळा करू नका, गाल पुढे करा. तुमच्या पेशी बघताना त्या ओळीचं काही बोलल्या तर ऐकून घ्या.

सटाण्याची गोणी परवा आली. वन्संचा आवाज आता फार बारीक झाला आहे, दोन दारं ओलांडून येत नाही. म्हणून मी दोन्ही दारं उघडी ठेवते. आणि त्यांच्या हाक मारण्याची वेळ झाली की गॅस आधीच बंद करून बसते.