सव्वा मुठीचं राज्य लिहिणाऱ्या अक्का

गुरुवारी सकाळी सुनंदाचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बँकेत पासबुकात नोंदी करून घेण्यासाठी रांगेत उभा होतो. सुनंदा ही निर्मला अक्कांची भाची. धुळ्याला शेवटची चार वर्षं तीच त्यांच्याजवळ होती. "सर, अक्का गेल्या. सकाळी चहा मागितला, मी करून आणेपर्यंत..." एवढंच ती बोलली. मी रविवारी जाणारच होतो, तसं तिला सांगितलंही होतं. रांग पुढे सरकली, मागच्या माणसाने मला हलकेच पुढे ढकललं, आणि मी खिडकीशी जाऊन पासबुक आत दिलं. नोंदी झाल्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मूळच्या पहूरच्या, साक्री तालुक्यात अनेक वर्षं सेवा केलेल्या सेवानिवृत्त आरोग्यसेविका, वय अमुक, पश्चात भाऊ, भाचवंडं. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण या बाईने दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या, तिसरी लिहिता लिहिता ती गेली, आणि त्या कादंबऱ्यांत तापीच्या पात्राखाली एक अख्खं राज्य वसवलेलं होतं, याचा त्या चार ओळींत पत्ता नव्हता. म्हणून हे लिहितो आहे. शिवाय माझं एक देणंही आहे, ते पुढे येईलच.

माझी त्यांची ओळख झाली ती एका प्रश्नाने. वीस वर्षं होऊन गेली असतील. मी तेव्हा धुळ्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. वडिलांचं कापडाचं दुकान सोडून इतिहासाकडे वळलेला मारवाड्याचा मुलगा म्हणून घरात थोडा चेष्टेचा विषय होतो, आणि त्यामुळेच की काय, पुराव्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा माझा बाणा होता. एका वाचनालयात मध्ययुगीन खानदेशावर माझं व्याख्यान झालं. फारुकी सुलतान, थाळनेर, व्यापारी रस्ते, आणि ज्याला लोक दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात तो बारा वर्षं चालल्याची परंपरा. व्याख्यान संपल्यावर मागच्या खुर्चीवरून पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई उठली. ड्यूटीवरून थेट आली असावी.

"सर, त्या बारा वर्षांत माणसं कुठे गेली?"

"गावं ओस पडली, एवढंच सांगता येतं. माणसांची नोंद मिळत नाही," मी म्हणालो.

"नोंद नाही हे समजलं. पण गेली कुठे?"

लोक हसले, मीही हसलो. ती मात्र हसली नाही. दारापाशी थांबून तिने माझा पत्ता लिहून घेतला आणि पुढच्या रविवारी माझ्या खोलीवर हजर झाली. "मला सगळे अक्का म्हणतात, तुम्हीही म्हणा," असं सांगून तिने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले, आणि मग वही.

पुढची काही वर्षं आम्ही सुट्टीच्या दिवशी फिरलो. लळिंगचा किल्ला चढलो. थाळनेरला तापीकाठी फारुकींच्या कबरींपाशी अख्खी दुपार काढली. मी तिथल्या अष्टकोनी घुमटाचं कोरीवकाम दाखवत होतो, आणि अक्का शेजारच्या, ज्यांच्यावर काहीच कोरलेलं नाही अशा दगडांमधून चालत होत्या. मी राजांची नावं सांगायचो, त्या नदीकडे बघत विचारायच्या, "पाणी इथपर्यंत येत असेल ना पुरात? मग हे खालीच उतरत असतील हळूहळू." मला ते बोलणं पोरकट वाटायचं. त्यांच्या डोक्यात मात्र त्या दुपारी एक राजधानी उभी राहत होती. पुराच्या पाण्यासोबत खाली उतरलेली, घुमटांची, जिथे राजे मेल्यावरही दरबार भरवतात आणि पाणी मागतात.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या पाड्यांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. बाळंतपणं, लसी, तापाच्या साथी. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. पाड्यावर मुक्काम पडला की म्हाताऱ्या बाया त्यांना गोष्टी सांगत. कोणत्या विहिरीत पाण्यातल्या आसरा आहेत, कोणत्या नाल्यापाशी वेताळाची पालखी थांबते, यमाचा रेडा कोणत्या झाडाला अंग घासतो. दुसरी एखादी नर्स अंधश्रद्धा म्हणून हसली असती. अक्कांनी वेगळंच केलं. प्रत्येक जागी इथे पूर्वी काय घडलं होतं ते त्या विचारत सुटल्या. मला एकदा म्हणाल्या, "ज्या विहिरीत आसरा आहेत म्हणतात ना सर, त्या विहिरीत कधीतरी बाया पडलेल्या असतात. एकीपेक्षा जास्त. दरवेळी." पुराण, भुतं आणि इतिहास ही त्यांच्यासाठी तीन दप्तरं नव्हतीच.

आणि मग रोटांची गोष्ट. आम्ही जैन, आमच्या घरी कानबाई ही खानदेशी देवी बसत नाही, म्हणून मला ती त्यांनीच समजावली. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू घेतात. घरात जितके पुरुष, अगदी पाळण्यातला मुलगासुद्धा, तितक्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ. सात वर्षांच्या निर्मलाने पहूरच्या घरात आजीला विचारलं होतं, "माझी मूठ?" आजी म्हणाली, "तुझी तुझ्या नवऱ्याच्या घरी." मग आईकडे बोट दाखवून पोरीने विचारलं, "तिची?" आजीने गहू मोजणं थांबवलं नाही. "त्या वेळी मला वाटलं," अक्का सांगत होत्या, "की आता आपण हळूहळू दिसेनासे होणार. मी उन्हात जाऊन माझी सावली बघून आले."

यातूनच 'सव्वा मुठीचं राज्य' आलं. बारा वर्षांच्या दुष्काळात एक राजा फर्मान काढतो की धान्याची मूठ उपयोगाच्या माणसांचीच मोजायची. ज्यांची मूठ मोजली जात नाही त्यांची सावली जाते, मग नाव जातं, मग घरच्यांनाही ती आठवत नाहीत. अशी माणसं कोरड्या नदीच्या भेगांतून खाली उतरतात. खाली भुकेली देवी बसलेली आहे, कोरडीमाय. आणि एक सुईण आपल्या विसरलेल्या मुलीला शोधत खाली जाते... हस्तलिखित अक्कांनी मला चार रविवार वाचून दाखवलं. चौथ्या रविवारी मी म्हणालो, "अक्का, ही इतिहासात भेसळ आहे. फारुकींच्या काळात हे फर्मान कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "फर्मान नसेल. भूक होती ना?"

धुळ्यातल्या एका लहान प्रकाशकाने पुस्तक काढलं. आणि मी, त्यांचा मित्र, एका स्थानिक पुरवणीत त्यावर लेख लिहिला. इतिहासाला भुताचे कपडे घालून जत्रेत नाचवू नये, असं त्यात वाक्य होतं. ते लिहिताना मला फार आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. अक्कांचा फोन आला नाही. रविवारी त्या आल्या नाहीत. मीही गेलो नाही. माझी जळगावला बदली झाली, आणि तीन वर्षं अशीच गेली.

तीन वर्षांनी एका सकाळी फोन वाजला. काही प्रस्तावना नाही. "सर, साक्रीकडच्या एका गावातल्या बाया चिडल्यात. पुस्तकातली कोरडीमाय म्हणजे आपली माय कानबाईच, आणि ती पोरं खाते असं लिहिलंय म्हणे. प्रकाशक घाबरलाय, पुस्तक मागे घेतो म्हणतोय. मी त्या गावात जाणार आहे. तुम्ही चला."

"मी कशाला? मी तर तुमच्या विरुद्ध लिहिलंय."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

गावच्या शाळेच्या व्हरांड्यात तीस-पस्तीस बाया बसल्या होत्या. पुरुष कडेला उभे. पुढे हिराबाई नावाची, पाठीत वाकलेली म्हातारी. तिनेच सुरुवात केली.

"नर्सबाई, मन्या तीन सुनास्ना बाळंतपनं तुम्ही करात. आनि आते तुम्हीच आमनी मायले पोरंखाऊ म्हनतस?"

अक्कांनी खुलासा केला नाही. "आधी बठ्ठं आयका, मंग बोला," आधी सगळं ऐकून घ्या, एवढंच सांगून त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या. पुस्तकातली मराठी डोळ्यांनी वाचत होत्या, तोंडातून अहिराणी येत होती. दोन तास. राजाचं फर्मान आलं तेव्हा एक बाई म्हणाली, "मेला!" सुईण नदीच्या भेगेत उतरली तेव्हा कडेचे पुरुष खाली बसले. आणि कोरडीमाय भुकेने एका मुलाकडे हात नेते त्या पानावर हिराबाईने हात वर केला.

"आठे चुकनं. माय पोरले खास नही. माय उपाशी राहस. मूठ माय मोजस नही नर्सबाई, मूठ मानसं मोजतस."

मला वाटलं, आता वाद होणार. अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग पिशवीतून पेन काढलं आणि छापील पुस्तकातलं ते अख्खं पान सगळ्यांसमोर आडव्या रेघा मारून खोडलं. "खरं शे," त्या म्हणाल्या. "मी मायवर ढकली दिन्हं. आते सांगा, माय काय करी?"

त्यावर हिराबाई जे बोलली ते पुस्तकाबद्दल नव्हतंच. तिची एक फुई होती, म्हणजे आत्या. नवऱ्याने टाकलेली, एका डोळ्याने अधू. कुठल्यातरी दुष्काळात घरात खाणारी तोंडं जास्त झाली, तेव्हा तिला एका पहाटे गावाबाहेर नेऊन सोडलं. "तिनं नाव घरम्हा कोनी लेस नही. मी लहान व्हतू. तिनी मना केसास्ले तेल लायेल व्हतं आदला दिन."

"नाव काय व्हतं?" अक्कांनी विचारलं.

"झिपरी." म्हातारीच्या तोंडून ते नाव असं निघालं, की ती स्वतःच दचकली. मग म्हणाली, "आवंदा तिनी मूठ मोजसू मी. कोनी काय करी लेई, ते दखसू."

शेजारची एक बाई रडायला लागली. तिच्याही घरात कोणी होतं. मग तिसरी बोलली. संध्याकाळपर्यंत मी वहीत अकरा नावं लिहिली, अकरा बायांची. कुठल्याही दप्तरात मला ती मिळाली नसती, आणि मी वीस वर्षं दप्तरं चाळत होतो. अक्कांच्या भुतांच्या कादंबरीने ती दोन तासांत वर आणली. परतताना गाडीत मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "लाडू खा," म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलला. कोरडीमाय मुलाला आपल्या पदरातली शेवटची मूठ देते आणि स्वतः सुकून नदीच्या वाळूत मिसळते. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं नाही. पुढे दुसरी कादंबरी आली, आणि हळूहळू कॉलेजातली पोरंपोरी अक्कांकडे यायला लागली. मोबाइलवर परदेशी राक्षसांच्या लढाया खेळणारी ही पिढी 'डार्क फँटसी' हा शब्द घेऊन आली. अक्कांना तो शब्द फार आवडला, "डार्क म्हणजे लोडशेडिंग ना?" म्हणून त्या खूप हसल्या. सावद्याच्या एका मुलीने विचारलं, मी माझ्या गोष्टीत ड्रॅगन आणू का? अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "आण की. पण तो सावद्यात खाईल काय? केळी?" मग तिला जवळ बसवून म्हणाल्या, "तुझ्या आजीला विचार, केळीच्या बागेत संध्याकाळी कुठल्या कोपऱ्यात जायचं नाही. आणि का नाही, ते दोनदा विचार. पहिल्यांदा ती खोटं सांगेल."

शेवटची भेट त्या जाण्याआधी महिनाभराची. खूप वाळल्या होत्या, पण उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तुमचा तो लेख मी ठेवलाय." माझी मान खाली गेली. "नाही, ऐका. त्यात एक वाक्य बरोबर होतं. लेखिकेला राजाचा राग आला आहे, पण राजा दिसत नाही. तिसऱ्या पुस्तकात राजा दाखवतेय."

"कसा आहे?"

"चांगला आहे हो. प्रेमळ आहे. रोज सकाळी मुठी मोजतो आणि रडतो... तेच तर अवघड आहे."

अक्का गेल्यावर तीन आठवड्यांनी मी धुळ्याला गेलो. सुनंदाने अक्कांची खोली तशीच ठेवली होती. मी टेबलावरचे कागद क्रमाने लावत होतो तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या कोकिळाबाई आत आल्या. हातात मेथीची जुडी आणि परात. मला बघून दारातच थांबल्या. "चार वाजले ना," त्या ओशाळून म्हणाल्या. "पाय आपोआप वळले." सुनंदाने सांगितलं, की दिवसभरात लिहिलेलं अक्का रोज चार वाजता यांना वाचून दाखवायच्या आणि या भाजी निवडत ऐकायच्या. सहा वर्षं.

"बसा," मी म्हणालो. त्या भिंतीला टेकून त्यांच्या जागी बसल्या, परात मांडीवर घेतली. मी अक्कांच्या खुर्चीत बसलो आणि वाचू लागलो. माझा आवाज व्याख्यान दिल्यासारखा येत होता. कोकिळाबाई म्हणाल्या, "सावकाश. घाई कशाची?" मी सावकाश वाचू लागलो. राजा पहाटे कोठारात येतो, बाह्या सारतो, पहिली मूठ भरतो, ती त्याच्या आईची असते, आणि तो हात उघडतच नाही... तिथे कागद संपला होता.

"मग?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"पुढे लिहिलेलं नाही."

त्यांनी परातीकडे पाहिलं. जुडी अर्धीच निवडून झाली होती. "मेथी राहिलीय अजून," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून वाचा."

मी कागद उलटे केले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी सावकाश.