रेवजीची साक्ष

आमलीखेड्याच्या शाळेत डोंगरातली चौदा पोरं शिकतात, हे शहाद्याच्या बाजारात सांगितलं तर लोक हसायचे. हसणाऱ्यांचंही फारसं चुकत नव्हतं. शाळा बोर्डाची होती, दारं सगळ्यांना उघडी होती, शेजारी कुडाच्या भिंतींचं वसतिगृहही बांधलेलं होतं. पण पहिली सहा वर्षं त्या वसतिगृहात शेळ्या बसत. डोंगरातून पोर खाली उतरतच नव्हतं.

ती पोरं उतरवली रेवजीनं. जंगलखात्याच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, लाकूडतोड करणारा हा भिल्ल गडी, पायथ्यापासून सहा कोस वर त्याचा पाडा. स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण दर वर्षी जूनमध्ये पाड्यापाड्यांवरची पोरं गोळा करायची, पुढे आपण चालायचं आणि सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर आणून बसवायचं, हे काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. प्रत्येक पोराच्या आईला तो शब्द देऊन येई, की खाली मास्तर आहे तोवर तुझ्या लेकराला काही होणार नाही. त्या शब्दावर ती पोरं शाळेत राहत.

मास्तर म्हणजे रूपचंद मास्तर, शाळेचे हेडमास्तर. प्रकाशा गावाकडच्या खाऊनपिऊन सुखी घरातले. तापीकाठची केळी आणि कापूस भावांवर सोडून हा माणूस या कोपऱ्यात का येऊन बसला, ते त्याच्या घरच्यांनाही कळलं नव्हतं. मास्तर आधी दोनदा रेवजीच्या पाड्यावर जाऊन आले होते. लोकांनी खाट टाकली, समोर मोहाचा द्रोण धरला. मास्तरांनी दोन्ही हात जोडून नको म्हटलं. बोलले गोड, पण त्यांची पाठ वळल्यावर म्हातारे म्हणाले, जो आपल्या हातचं घेत नाही त्याच्या हाती लेकरं कशी द्यायची? यात खोट काढण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

मग एका पावसाळ्यात रेवजीची सात वर्षांची फुली तापानं गेली. एकुलती एक होती. बाराव्या दिवशी पाडा जमला होता आणि भर पावसात, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले रूपचंद मास्तर वर येताना दिसले. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते खाटेवर बसले नाहीत, माणसांत जमिनीवर बसले. पोरं मागायला आलेले नाहीत, हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. रिवाजाप्रमाणे मोहाच्या दारूचा द्रोण हातोहात फिरत आला. चार थेंब धरतीला द्यायचे, ते गेलेल्यांचे, आणि मग आपण घोट घ्यायचा. तो घेतला की दुःखात वाटा उचलला, नाकारला की माणूस परका. द्रोण मास्तरांपर्यंत आला.

मास्तरांनी चार थेंब धरतीला दिले आणि घोट घेतला. त्यांना असा काही ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं आणि रडणाऱ्या बायका रडतारडता हसल्या. रेवजीची बायको रूपलीबाई बारा दिवसांत पहिल्यांदा हसली ती तेव्हा. पुढच्या जूनमध्ये चौदा पोरं खाली उतरली.

इथवर सगळं बरं चाललं होतं. आता पितांबरशेटकडे यायला हवं, आणि मला या माणसाबद्दल शांतपणे सांगता येत नाही. पितांबरशेट शाळांच्या बोर्डाचे अध्यक्ष होते. मास्तरांच्या नेमणुका, बदल्या, बढत्या, सगळं त्यांच्या मुठीत. छत्तीस सालचा सुमार, बोर्डाची निवडणूक तोंडावर आलेली. शेटजींनी तालुक्यातल्या मास्तरांना निरोप धाडला, की पंधरा दिवस शाळा बंद ठेवा आणि आमच्याबरोबर गावोगाव फिरा. सगळे फिरले. रूपचंद मास्तरांनी उलट निरोप पाठवला, की परीक्षा जवळ आल्या आहेत, शाळा बंद ठेवता येणार नाही. शिवाय शेटजींचा एक मेहुणा होता, सातवी पास, कुठेच न टिकलेला, आणि हेडमास्तरकीवर त्याचा कधीपासून डोळा होता.

शेटजी निवडून आल्यावर महिनाभरात बोर्डाकडे अर्ज आला, नऊ जणांच्या अंगठ्यांचा. आमलीखेड्याचा हेडमास्तर दारू पिऊन भिल्लांच्या पाड्यांवर पडून असतो. तेव्हा जिल्हाभर दारूबंदीच्या सभा चालल्या होत्या आणि व्यासपीठावर हार घालून कोण बसत असेल तर हेच पितांबरशेट. त्यांच्या स्वतःच्या बांधावरची मोहफुलं दर साली कुणाच्या भट्टीत जात, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

चौकशीला तिघांची कमिटी बसली. बाजू मांडायला साक्षीदार आणा, असं मास्तरांना कळवलं गेलं. मास्तरांनी रेवजीचं नाव दिलं. दुय्यम शिक्षक करमसिंग त्यांना म्हणाला, त्या भोळ्या माणसाला आधी नीट पढवा, काय बोलायचं आणि काय नाही ते. मास्तर म्हणाले, पढवलेली साक्ष ती साक्षच नव्हे. रेवजीला त्यांनी एवढंच सांगितलं, "मन्हावर किटाळ ऊनं शे, रेवजीभाऊ. तुले विचारतीन. जे शे ते सांग." त्या सरळपणाचा मला आजही राग येतो.

किटाळ कसलं, ते रेवजीला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. त्याला एवढंच समजलं, की खालचे लोक म्हणतात हा मास्तर चांगला नाही, तेव्हा तो किती चांगला आहे ते आपण जाऊन सांगायचं. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी बजावलं, हातचं राखून बोलू नकोस, सगळ्यात मोठी गोष्ट सांग. रूपलीबाईनं पागोटं धुऊन दिलं. सहा कोस तो मनाशी बोलत खाली उतरला.

शाळेच्या ओसरीवर कमिटी बसली होती. मधल्या खुर्चीत एक वकील सभासद, बाजूला लिहायला कारकून, भिंतीशी रूपचंद मास्तर.

"हेडमास्तर तुमच्या पाड्यावर येतात?" वकिलानं विचारलं.

"येतस ना! पाऊसपाणीमा बी येतस."

"येऊन काय करतात?"

रेवजीनं सगळं सांगितलं. पोरं आजारी पडली की औषध आणतात. जंगलखात्याचे कागद वाचून दाखवतात. कारकून लेखणी कानावर ठेवून स्वस्थ बसला होता. हे लिहून घ्यायचं नसतं, हे रेवजीला काय ठाऊक?

वकील गोड हसला. "म्हणजे ते तुमच्यातलेच झाले म्हणायचे."

"आमनाच शेतस," रेवजी म्हणाला.

"असं? मग तुमच्यातलं खातात-पितात?"

मास्तरांनी मान खाली घातली. रेवजीला वाटलं, आता हे बरोबर ठिकाणी आले. सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची वेळ आली. तो उभाच होता, आणखी ताठ उभा राहिला.

"खातस ना! मन्ही फुली मरी गई, तवय मास्तर ऊनात. जमीनवर बसनात. आमना हातना घोट लिधा. पहिले धरतीले दिधा, मंग सोता लिधा. असा मास्तर तुमले कठे भेटाव नही!"

"घोट कशाचा?"

"महूना. दुसरा कशाना?"

कारकुनाची लेखणी कानावरून उतरली.

"तेव्हा एकदाच, की नंतरही?"

नंतर लग्नाला, होळीला, जेव्हा जेव्हा द्रोण पुढे आला तेव्हा मास्तर ओठ लावत. नुसते लावत. पण रेवजीनं ते मोजायचं कशाला? त्याला त्यातला मान दिसत होता. "जवय येतस तवय," तो अभिमानानं म्हणाला. "कधीच नही म्हणतस नही."

वकिलानं मास्तरांना विचारलं, "यावर तुमचं काय म्हणणं?" मास्तर उठले. रेवजीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो सांगतो ते खरं आहे." आणि खाली बसले.

रेवजी त्या दिवशी पाड्यावर परतला तो गाजावाजा करतच. तो म्हणत होता, मी सांगितलं, मास्तरनंही सगळ्यांदेखत खरं म्हटलं, आता त्याच्या केसाला धक्का लागत नाही. लोकांनी ढोल काढला.

दिवाळीच्या सुटीनंतर रेवजी पोरं घेऊन शाळेवर आला, तर हेडमास्तरांच्या खुर्चीत मेहुणा बसलेला. करमसिंगनं रेवजीला बाजूला नेऊन बोर्डाचा हुकूम वाचून दाखवला. रूपचंद मास्तर बडतर्फ. अर्जावरचे नऊ अंगठे खोटे निघाले तरी हरकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. रेवजी नावाच्या एका प्रामाणिक भिल्लाची साक्ष पुरेशी आहे. रेवजीनं ते पुन्हा वाचायला लावलं. दोनदा ऐकल्यावर तो मास्तरांच्या घराकडे वळला.

मास्तर घरामागे बैलगाडीत बिऱ्हाड भरत होते. रेवजी समोर जाऊन उभा राहिला.

"मीच तुमना घात करा," तो म्हणाला.

"तू काय चुकना नही. जे व्हतं ते सांगं."

"मंग तुमी काबरं नही बोलनात? मी डोंगरना माणूस. हाऊ खोटं बोलस असं तुमी सांगतात, तर त्या तुमनं ऐकतात."

मास्तरांनी हातातली पेटी खाली ठेवली. "कसं सांगू, रेवजीभाऊ?" ते म्हणाले. "तुन्ही पोरना घोट मी लिधा नही, असं सांगू?"

रेवजी लहान लेकरासारखा रडला. मास्तरही रडले. मग गाडी निघाली आणि तापीच्या बाजूला वळली. पुढे मास्तर सुरतेकडे गेले आणि कुणाच्या तरी कापसाच्या जिनमध्ये कारकुनी करू लागले, असं ऐकलं. शिकवणं कायमचं सुटलं. बोर्डानं काढलेल्या माणसाला कोण घेणार?

पण रेवजी स्वस्थ बसला नाही. रूपलीबाईला न सांगता तो निघाला. प्रकाशाला नावेनं तापी ओलांडली, दोंडाईच्यावरून विचारत विचारत चौथ्या दिवशी धुळ्याला बोर्डाच्या कचेरीत पोचला. जन्मात तो खोटं बोलला नव्हता. तेच बोलायला तो एवढा चालून आला होता. वाटेत त्यानं ते वाक्य शंभरदा घोकलं होतं.

पितांबरशेट पायऱ्या उतरत होते. रेवजी आडवा झाला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मी खोटं सांगं, शेट. मास्तरनी कधीच लिधी नही. मीच खोटं बोलनू. माले सजा द्या."

शेटजींनी त्याला ओळखलं. प्रेमानं हात धरून उठवलं. "येडा शे का तू?" ते म्हणाले. "तुम्ही डोंगरातले लोक कधी खोटं बोलत नाही, असं आम्ही निकालात लिहिलंय." आणि बरोबरच्या माणसांकडे पाहून हसत ते टांग्यात बसले.

त्यानंतरच्या जूनमध्ये पोरं उतरली नाहीत. रेवजी न्यायला गेलाच नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या शब्दावर कुणी पाठवली नाहीत. एक आई मात्र मुद्दाम त्याच्याकडे आली. माझं पोर पुस्तक वाचायला लागलं होतं, आता काय करू, तिनं विचारलं. रेवजी विळ्याला धार लावत बसला. वर पाहिलंदेखील नाही.

एकेचाळीस साली खानेसुमारीचं, म्हणजे शिरगणतीचं, काम शाळामास्तरांवर पडलं आणि एक नवा मास्तर वही घेऊन पाड्यावर आला. पोरगेलासा, सालस माणूस होता. आमलीखेड्याची हकीकत त्याच्या कानावरही नव्हती. रेवजी अंगणात बसला होता. मास्तरनं विचारलं, बाबा, तुझं नाव काय?

"माले ठाऊक नही."

घरात माणसं किती?

"ठाऊक नही."

मास्तर गोंधळला. त्याची अडचण पाहून रूपलीबाईनं दारातून सांगितलं, रेवजी. तसा रेवजी ताडकन उठला, तिच्यापाशी गेला आणि आपल्या भिल्ली बोलीत, हलक्या आवाजात तिला विनवू लागला. रागावला नव्हता, भ्यालेला होता.

"नाव नको सांगूस," तो म्हणत होता. "माझ्या नावावर ते काहीही लिहितील, आणि या बिचाऱ्याची नोकरी जाईल."