सायकलीला बांधलेलं दावं

संस्थानाच्या दिवसांत आंबवड्याहून भोरच्या शाळेला रोज पायी जाणं मला झेपेना. सायकल जमली नसती, तर वडील मला शेतावरच ठेवणार होते. बाजारच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भोरच्या दुकानात दोन जुन्या सायकलींपुढे उभा होतो. एक चकचकीत, दुसरी रंग उडालेली. माझं मन अर्थातच चकचकीत सायकलीवर.

शेजारी एक म्हातारा रेंगाळत होता. खांद्यावर बैलाचं दावं, पायाशी तांदळाचं गाठोडं. त्यानं जन्मात सायकल धरली नसावी. तरी तो चकचकीत सायकलीभोवती फिरला, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी सीटवर थाप मारली आणि आपलं गाठोडं मागं ठेवून म्हणाला, "चढाला घाल बघू. रिकामा बैल कुनाचाबी पळतोय."

दुकानदार हसला. मी गाठोड्यासकट दोन्ही सायकली पाळीपाळीनं चढाला घातल्या. चढ लागताच चकचकीत सायकलीची साखळी निसटली. दुसरी कुरकुरली, पण चढली. मी तीच घेतली.

म्हाताऱ्यानं गाठोडं उतरवलं आणि खांद्यावरच्या दाव्यानं माझं दप्तर मागं घट्ट बांधलं.

"बाबा, तुमचं दावं?"

"आसू दे. जोडीतला एक दिवाळीला गेला, दुसरा आत्ताच इकला. रिकामं दावं घेऊन घरी कसा जाऊ?"

थोडं पुढं जाऊन मी वळून पाहिलं. डोक्यावर गाठोडं घेऊन तो सावकाश चालला होता. एक हात मात्र मागंच होता, बैल धरून चालावं तसा.