आर्डिस आणि न धुतलेले मोजे

आमच्या आर्डिसला डाग सहन होत नाही. लग्नाच्या दिवशी माझ्या टायवर कॉफी सांडली होती. पाद्रीबुवा आशीर्वाद देत होते आणि ही रुमालाला थुंकी लावून टाय पुसत होती. अशी बाई गेली वीसेक वर्षं कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कपडे धुते. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखोटीला मारून समोरच्या धिप्पाड पोरांत घुसायचं असतं, त्यामुळे गवत, माती, रक्त, सगळं कपड्यांवर येतं. आर्डिस खूश.

नेब्रास्कातलं आमचं कॉलेज लहान. दोन वर्षं संघ जाईल तिथे मार खाऊन यायचा. यंदा सप्टेंबरात तो चक्क जिंकला! कप्तान कोलबी रीक्स, दारातून अंग तिरकं करून आत शिरावं लागेल एवढा रुंद पोरगा, दुसऱ्याच दिवशी धुण्याच्या खोलीत हजर.

"आजी, मोजे धुवायचे नाहीत."

"का? नळाला पाणी नाही?"

"हरेपर्यंत नाही धुवायचे. नशीब धुऊन जाईल."

"नशीब नाही रे, बुरशी जाईल!"

पण पोरं पुन्हा जिंकली. मग पुन्हा. गाव वेडं झालं. दुकानात लोक तिला दम द्यायला लागले, "आर्डिस, साबणाला हात लावशील तर याद राख." ऑक्टोबर संपेपर्यंत मोजे उभे केले तर उभे राहत. प्रशिक्षक नाक धरून भाषण करायचे. आणि आर्डिस राग माझ्यावर काढायची. माझे स्वच्छ मोजे बिचारे उगाच पुन्हा पुन्हा धुतले जात.

नोव्हेंबरात शेवटचा सामना आला. जिंकला तर चषक, कॉलेजचा पहिला. आदल्या दुपारी तिचा फोन आला. "एमिल, ट्रक घेऊन ये. मी मेले."

कुणीतरी मोजे टॉवेलांच्या पिशवीत कोंबले होते आणि हिने सवयीने पिशवी यंत्रात उलटी केली होती. मोजे पांढरेशुभ्र निघाले होते. आर्डिस त्यांच्याकडे बघून रडत होती.

"सांगून टाक त्यांना," मी म्हटलं.

"आणि उद्या हरले तर? जन्मभर म्हणतील, म्हातारीने चषक धुऊन टाकला. घरी चल आणि बूट काढ."

परसात बीटच्या वाफ्यात तिने पाणी सोडलं. मी एकेक जोडी पायात चढवून चिखलात कवायत करायची आणि हिने कमरेवर हात ठेवून हुकूम सोडायचे. "टाच घास, टाच! हा मोजा पळणाऱ्या पोराचा आहे, तो तुझ्यासारखा रांगत नाही!"

शेजारचा वॉल्टर कुंपणावरून बघत होता. "काय चाललंय, एमिल?"

"बायकोने सांगितलंय."

त्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि तो घरात गेला. वास यावा म्हणून मग तिने मोजे कांद्याच्या पोत्यात कोंबले. एवढी दुःखी मी तिला सासूबाईंच्या दफनाच्या वेळीही पाहिली नव्हती.

सामन्याला ती मैदानाकडे पाठ करून बसली. आम्ही शेवटपर्यंत मागे होतो. अगदी अखेरीला कोलबीने समोरच्या दोघांना आडवं केलं आणि त्याच्या मागून आमचा एक किडकिडीत पोरगा चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे जाऊन पडला. मी ओरडलो, "आर्डिस, जिंकलो!"

"नक्की?" म्हणाली, आणि तरातरा खाली निघाली. खोटं मनात ठेवून तिला घास गेला नसता.

संघाच्या खोलीत पोरं नाचत होती. ही मधोमध उभी राहिली. "पोरांनो, ते मोजे मी धुतले होते."

"माहितेय," कोलबी म्हणाला. "सकाळीच माझ्या मोज्यातून कांद्याची साल निघाली."

"माझ्या मोज्यातून बीटचं पान!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

"मग बोलला का नाहीत, गाढवांनो?"

कोलबीचे कान लाल झाले. "आजी, डाग दिसला की तुमचं काय होतं, आम्हाला ठाऊक नाही होय? आणि तुम्ही आमच्यासाठी स्वतः चिखल लावलात. मग सगळ्यांनी ठरवलं, आज मेलो तरी हरायचं नाही. हरलो असतो तर तुम्ही स्वतःलाच बोल लावला असता."

आर्डिसचे डोळे गळत होते, ते तिने पुसलेही नाहीत. तिने फक्त धुण्याच्या पिशवीचं तोंड उघडून समोर धरलं. आणि ती सगळी धिप्पाड पोरं बाकांवर बसून मुकाट्याने मोजे काढायला लागली.