साडूंचा माळ

गवत या विषयावर अख्ख्या नगर जिल्ह्यात दोनच मतं आहेत. एक आमच्या थोरल्या साडूंचं आणि दुसरं उरलेल्या सगळ्यांचं. उरलेल्यांच्या मते गवत ही जनावरांनी खायची, माणसांनी पिकातून उपटायची आणि एरवी विसरून जायची गोष्ट आहे. साडूंच्या मते देवाने आधी गवत केलं, मग ते बघायला कुणीतरी हवं म्हणून साडूंना केलं, आणि हाताला माती लागलीच आहे तर म्हणून बाकीची सृष्टी उरकून घेतली. मी त्यांचा धाकटा साडू, म्हणजे नात्यानेच त्यांच्या सगळ्या व्याख्यानांचा कायमचा श्रोता. माझी बायको त्यांची व्याख्यानं सुरू झाली की स्वयंपाकघरात जाते. मला तीही सोय नाही.

साडूंनी कर्जत तालुक्यात तीसेक वर्षं वायरमनची नोकरी केली. गावं लांब लांब, मधे उघडा माळ, त्यावरून गेलेल्या तारा. फॉल्ट शोधायचा म्हणजे एका पोलापासून दुसऱ्या पोलापर्यंत चालत सुटायचं. बाकीचे वायरमन वर तारेकडे बघत चालायचे, आमचे साडू खाली बघत. त्यामुळे फॉल्ट सापडायला अंमळ उशीर व्हायचा, पण वाटेतलं एकही गवत नजरेतून सुटायचं नाही. मोटार बंद पडलेला शेतकरी वैतागून विचारायचा, "लाईट कवा येनार?" हे फोनवर सांगायचे, "दम धरा जरा, सतरा नंबरच्या पोलाखाली पवन्या गवताला तुरा आलाय!" त्या माणसाने पुढे काय उत्तर दिलं ते साडू सांगत नाहीत, फक्त "लोकांना वेळच न्हाई हो बघायला" एवढं म्हणून सुस्कारा सोडतात.

तुरा आलेल्या गवतावर पाय द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे माळावर ते सरळ कधी चालतच नाहीत. एक पाय इकडे, एक उडी तिकडे, मधेच बगळ्यासारखं एका पायावर थांबून पुढची मोकळी जागा शोधायची, असं त्यांचं चालणं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, याला गांधीलमाशी चावली. एकदा शेजारच्या वस्तीवरची म्हातारी खरोखरच चुना आणि कापलेला कांदा घेऊन धापा टाकत धावत आली होती. साडूंनी तिला काय चाललंय ते समजावून सांगितलं, तिने त्यांना मनापासून शिव्या घातल्या, आणि हे म्हणाले, "आता आनलाच हायेस तर दे कांदा, भाकरीसंगं खातो."

आम्ही सावेडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला लोकांनी घड्याळं आणली, कुकर आणले, एकाच चित्राच्या तीन तसबिरी आणल्या. साडूंनी खांद्यावरून वाळल्या गवताची पेंढी आणली, वर जरीची रिबीन बांधून. खाली वॉचमनने त्यांना अडवलं. सोसायटीत जनावर ठेवायला मनाई आहे म्हणाला. "जनावर न्हाई, साडू हाय माझा वर," हे म्हणाले. शेवटी मला खाली जाऊन ओळख पटवावी लागली. दिवाणखान्यात पेंढी टेकवून ते म्हणाले, "ह्या रंगाच्या वासानं डोकी उठत्याल तुमची. हिचा वास घेत जावा." बायकोने ती दाराआड लपवली. पण खरं सांगायचं तर पुढे कित्येक दिवस कुणी नसलं की मी दाराआड डोकावून येत होतो.

या छंदाने माणसाचं फार नुकसान झालं असं म्हणावं, तर त्यांच्या पुतणीच्या लग्नाची बैठक आठवते. मुलाकडचे श्रीगोंद्याचे, उसातले लोक, चेहऱ्यावरच बागायत. मानपानावरून बोलणं अडलं. दोन्हीकडचे आवाज चढले, एक चुलते तर चप्पल शोधायला लागले. तेवढ्यात साडूंनी आपल्या पायजम्यात रुतलेलं एक कुसळ काढलं, बशीत थेंबभर पाणी घेतलं आणि कुसळ त्यात ठेवलं. ओल लागताच त्याची पिळलेली शेपटी उलगडायला लागली आणि ते घड्याळाच्या काट्यासारखं आपोआप फिरू लागलं. साडू म्हणाले, "ह्याला ना हात, ना पाय. पन पानी घावलं की फिरत फिरत सवताच भुईत शिरतंय." मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसला. मुलाच्या मामाने "मलाबी एक द्या" म्हणून हात पुढे केला. साडूंच्या पायजम्यात कुसळांचा तुटवडा कधीच नसतो. पाच-दहा मिनिटांत घरातल्या सगळ्या बशा बाहेर आल्या, दोन्ही पक्षांची कुसळं शर्यतीला लागली, आणि आत बसलेली नवरी "ठरलं का न्हाई?" असं विचारत राहिली. शर्यतीत मुलाकडचं कुसळ जिंकलं. त्या आनंदात त्यांनी मानपानाचा विषयच सोडून दिला.

अशा माणसाच्या बायकोने सरपंच व्हावं हा त्यांच्या नशिबाचा भाग. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अतिशय कर्तबगार. एरवी त्या गावच्या बोलीत बोलतात, पण सरपंच झाल्यापासून रागावल्या की शुद्ध बोलतात. ताई शुद्ध बोलायला लागल्या की ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा दोन पावलं मागे सरतो. तर ताई गावातल्या बायकांना घेऊन हिवरे बाजार बघून आल्या, तिथली हिरवाई त्यांच्या मनात भरली, आणि त्यांनी ठरवलं की गावामागच्या गायरानाच्या माळावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडं लावायची.

ग्रामसभेला मी पाहुणा म्हणून मागे बसलो होतो. ताई म्हणाल्या, "तो माळ नुसता मोकळा पडलेला आहे." साडू उठले. "मोकळा न्हाई. भरल्याला हाय. तुमाला दिसत न्हाई."

"काय आहे तिथे?"

"गवत हाय. गवतात पाखरं हायत, ससं हायत, सकाळच्याला हरनं येत्यात. दाट झाडी झाली की त्यांनी जायाचं कुठं? हिवरे बाजारातबी लोकांनी गवत राखलंय, तुमी निस्ती झाडं बघून आलासा!"

"जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून बोला."

"अध्यक्ष महोदया, हेच मी सकाळी चुलीपाशी सांगितलं हुतं, तवा तुमी लाटनं दाखवलं."

सभा हसण्यात बुडाली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे साडूंचा हात कुणी मोजलाच नाही.

घरी गेल्यावर ताईंनी साडूंकडून वचन घेतलं, की झाडं लावायच्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी तोंड उघडायचं नाही. साडूंनी ते दिलं. पुढचे चार दिवस दोघांत बोलणं नव्हतं. जेसीबीने माळाच्या रस्त्याकडच्या अंगाला खड्डे घेतले. साडू लांब बांधावर बसून बघत राहिले. मी फोन केला तर एवढंच म्हणाले, "खड्डं लई खोल घेत्यात हो, पाव्हणं." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही सगळे माळावर पोचलो. मांडव, माईक, ताशा, टेम्पोभर रोपं, तालुक्याहून आलेले मोठे साहेब. आणि साहेबांसाठी रांगोळी काढून ठेवलेल्या पहिल्या नंबरच्या खड्ड्यात, डोक्यावर छत्री धरून, मांडी घालून आमचे साडू बसलेले.

ताई पुढे झाल्या. "आपण बाहेर यावं," अगदी शुद्ध.

साडूंनी मान हलवून नकार दिला. वचन दिलं होतं, त्यामुळे तोंड बंद. उपसरपंचांनी विनवलं, मी विनवलं. साडू हाताने नुसते खड्ड्याच्या कडेकडे खुणा करत होते. आम्हाला तिथे मातीच्या ढेकळांशिवाय काही दिसेना. सगळ्यांना वाटलं, आता माणूस कामातून गेला. साहेब भले गृहस्थ होते. "मी बोलतो त्यांच्याशी," असं म्हणत ते हसत पुढे आले, आणि कुठूनशी एक टिटवी किंचाळत येऊन थेट त्यांच्या टोपीवर झेपावली. साहेब दचकून बाजूला सरले, त्यांनी पाय उचलला, आणि साडू ओरडले, "सायेब! पाय खाली ठिवू नका!"

साहेब एका पायावर थांबले.

"तुमच्या बुटापासनं ईतभर अंतरावर चार अंडी हायत."

आम्ही वाकून बघितलं. मातीच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची, गारगोट्यांसारखी चार अंडी. इतका वेळ आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो, पण दिसलं कुणालाच नव्हतं. आणि मग शंभर माणसांच्या मनात एकदमच आलं, की आपल्या पायाखाली काय असेल? जो तो जागच्या जागी थिजला. ताशावाल्याने काठी वर उचलली होती, ती वरच राहिली.

"आता आमाला भाईर काढा," उपसरपंच रडकुंडीला येऊन म्हणाले.

साडू खड्ड्यातून वर आले. छत्री मिटली, तिच्या टोकाने जागा दाखवायला लागले. "सायेब, डावा पाय हितं. आता उडी. थांबा, एका पायावर थांबा." आणि साहेब, त्यांच्या मागे सरपंच, मग उपसरपंच, ग्रामसेवक, ताशावाले आणि बायकांचं सगळं मंडळ, एकामागून एक, इकडे पाय, तिकडे उडी, मधेच बगळा, असं करत रस्त्यावर आलं. रस्त्याने चाललेली एसटी थांबवून लोक बघत होते. वर टिटवी दोघांनाही, म्हणजे सरपंचांना आणि साहेबांना, समान मानाने शिव्या घालत होती.

रस्त्यावर आल्यावर ताईंनी पदर सारखा केला, मागे वळून त्या जागेकडे बराच वेळ बघितलं, आणि माईक हातात घेतला. "झाडं ओढ्याकाठी, शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेला लागतील. माळ आहे तसाच राखायचं ग्रामपंचायतीने ठरवलेलं आहे."

"कवा ठरवलं?" साडूंनी विचारलं.

"आत्ता. शांत बसा."

त्या दिवशी ओढ्याकाठी साहेबांनी करंज लावला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा ताईंनी साडूंच्या ताटात भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "आदी सांगता आलं न्हाई व्हय?"

"तूच म्हनली हुतीस, तोंड उघडायचं न्हाई."

"एवढं माझं ऐकायला कवापासनं लागला?" असं म्हणून ताईंनी आणखी एक भाकरी वाढली. पुढच्या पंचायत निवडणुकीपर्यंत तो माळ राखला गेला आणि नंतरही राहिला. खड्डे मात्र साडूंनी स्वतः फावडं घेऊन बुजवले.

आता साडूंची नजर अधू झाली आहे. साखरेच्या आजाराने डोळे धरले. इलाजासाठी ते आमच्याकडे नगरला येऊन राहिले, पण फारसा उपयोग झाला नाही. समोरचं माणूस धुरकट दिसतं. गवताचा तुरा तर दिसतच नाही. गेल्या दिवाळीनंतर मी गावी गेलो तेव्हा संध्याकाळी ताई त्यांना स्कूटीवरून माळावर घेऊन गेल्या. मीही मागून गेलो. उन्हं कलली होती, सगळा माळ पिवळा झाला होता आणि वाऱ्याने एका बाजूला झुकत होता. दोघं बांधावर बसली होती. गवत वेगळं आणि पाखरू वेगळं, एवढंच ज्यांना आयुष्यभर ठाऊक होतं त्या ताई त्यांना एकेक करून सांगत होत्या, "त्या अंगाला तांबडं पडलंय. हिकडं जरा पांढरं हाय, वर पिसावानी. आन् दगडावर एक पाखरू बसलंय."

"कसलं?"

ताईंनी डोळे बारीक करून बघितलं. "चंडोल हाय."

ती चिमणी होती. मला दिसत होती. आणि ती चिवचिवतही होती, म्हणजे साडूंना ऐकूही येत होतं. या माणसाने उभ्या आयुष्यात पाखराचं नाव चुकलेलं कुणाला माफ केलेलं नाही.

साडू ताईंच्या बाजूला जरासे सरकून म्हणाले, "व्हय, चंडोलच हाय. अजून काय दिसतंय, सांग."