तक्रारीसाठी संपर्क : सहदेव रंगराव घोपे

सहदेव घोपेचं नाव आयुष्यात दोनदाच ठळक अक्षरांत लागलं. एकदा लग्नाच्या पत्रिकेवर आणि एकदा हॉटेल राजयोगच्या भिंतीवर. पत्रिका कधीच उंदरांनी खाल्ली. भिंतीवरचं नाव अजून आहे.

नांदुऱ्याहून मलकापूरकडे निघालं की वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेला लागून हे राजयोग. पुढे ट्रकवाल्यांसाठी बाकडी, मधे फॅमिलीवाल्यांसाठी पडदे लावलेले चार कप्पे आणि मागे पिणाऱ्यांचा मोठा हॉल. हॉलला एसी बसवला तेव्हा थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून मालकानं, म्हणजे रामरावनं, खिडक्यांना खिळे ठोकले आणि धूर ओढून घेणाऱ्या पंख्याच्या भोकावर प्लायवूड मारलं. थंडावा आत राहिला आणि धूरही आत राहिला. त्या हॉलमध्ये सहदेव वेटर होता, सत्तावीस वर्षं. दार उघडताच नुसत्या वासावरून त्याला कळायचं, आज कापूसवाले व्यापारी बसलेत की पंचायत समितीतली मंडळी.

स्वतः त्यानं कधी घोट घेतला नाही आणि बिडी तर हातातही धरली नाही. त्याचा बाप रंगराव बिडीपायी खोकून खोकून गेला होता. ते पोरगेपणी पाहिलेलं सहदेव विसरला नाही. आपण ओढत नाही म्हणजे आपल्याला काही होत नाही, असा त्याचा साधा समज होता. त्याला कशाला हसायचं, शिकलेसवरलेलेही हाच समज उराशी धरून अशा हॉलमध्ये तीन-तीन तास बसतात.

मग एक दिवस जिल्ह्याहून साहेब आले. हॉटेलात धूम्रपान बंदीचा बोर्ड पाहिजे, आणि कोणी ओढताना दिसलं तर तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि नंबर बोर्डावर पाहिजे, कायदा तसा आहे, असं सांगून चहा पिऊन गेले. पेंटर आला. रामरावनं स्वतःचं नाव द्यायला नकार दिला.

"मी कुठं दिवसभर इथं राह्यतो? सहदेव राह्यते. त्याचं टाक," तो म्हणाला.

पेंटरनं लाल अक्षरांत लिहिलं : 'येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. तक्रारीसाठी संपर्क : श्री. सहदेव रंगराव घोपे.' खाली मोबाईल नंबर. सहदेव कितीतरी वेळ त्या 'श्री'कडेच पाहत राहिला. 'ए', 'शुक शुक' आणि 'अबे पाणी आन' यांवर जन्म काढलेल्या माणसाला कोणीतरी श्रीयुत केलं होतं. त्यानं बोर्डाचा फोटो काढून फोनवर लावला आणि घरी रुखमाबाईला दाखवला. ती म्हणाली, "मंग आता कोनी ओढली तं तुमी त्याले उठवसान?" तो नुसता हसला.

कोणी उठलं नाही आणि कोणी थांबलंही नाही. फरक एवढाच पडला की टेबलांवरचे ॲश-ट्रे गेले, कारण तेही कायद्यात बसत नव्हते. त्यांच्या जागी चटणीच्या स्टीलच्या वाट्या आल्या. त्या राखेनं भरलेल्या वाट्या श्रीयुत सहदेव घोपे स्वतः उचलत, विसळत आणि पुन्हा मांडत. रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं बोर्डही पुसायचा. पांढरा बोर्ड महिन्याभरात पिवळा पडायचा आणि फडकं चहात बुडवल्यासारखं व्हायचं. भिंतीवर जे बसतं ते छातीतही बसत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नाही. आलं असेल तर त्यानं ते फडक्यासोबत पिळून टाकलं.

खोकला आला तो हळूहळू. आधी सोड्याचा क्रेट उचलताना दम लागायचा, मग घराचा ओटा चढताना. खामगावच्या डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून पहिला प्रश्न विचारला, दिवसाला किती ओढता? सहदेव म्हणाला, एकही नाही. डॉक्टरनं रुखमाबाईकडे पाहिलं.

"खरं हाये साहेब," ती म्हणाली. "माह्या मानसानं बिडीले हात लावला नाही."

मग डॉक्टरनं काम काय ते विचारलं आणि ऐकून पेन खाली ठेवला. ती जागा सोडा, म्हणाला. आज सोडली तर वर्षं मिळतील. नाही सोडली तर मी काही सांगू शकत नाही.

सहदेवनं जागा सोडली नाही. सोडून जायचं कुठं? पन्नाशी उलटलेल्या, दम लागणाऱ्या वेटरला दुसरं कोण ठेवणार? शिवाय रामरावचे उपकार होते. सहदेवच्या पोरीच्या, दीपमालाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत रामराव स्वतः हातात बुंदीचं तसराळं घेऊन वाढायला उभा राहिला होता. मालकानं वेटरच्या पाहुण्यांना वाढलं, ही गोष्ट सहदेव विसरला नाही, आणि रामरावनंही त्याला विसरू दिली नाही. तेव्हा सहदेवनं रुखमाबाईला गप्प राहायला सांगितलं, डॉक्टरनं दिलेला दम्याचा पंप बनियनच्या खिशात ठेवला आणि क्रेटच्या मागे उभं राहून तो ओढायला लागला. राजयोगमध्ये लपून ओढणारा तेवढा एकच माणूस होता.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत गावची आशा सेविका अश्विनी हिनं विषय मांडला. हॉटेल, ढाबे, परमिट रूम, सगळीकडे बिडी-सिगारेट खरोखरची बंद करा. जो ऐकणार नाही त्याला ग्रामपंचायतीनं दाखले देऊ नयेत. शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली होती. बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे. रामराव उठला. तो बोलायला गोड माणूस.

"पेनारा मानूस ओढनारच," तो म्हणाला. "इथं नाही ओढू देलं तं वडनेरात जाईन. माह्या हाटेलात दहा जन कामाले हायेत, त्याइच्या पोटाचं काय? सरकारले दारू चालते, मंग धूरच काऊन नाही चालत?"

"दारू पेनाराच्याच पोटात जाते दादा," अश्विनी म्हणाली. "धूर सगळ्याइच्या छातीत जाते."

बायकांत कुजबूज झाली. दोन-चार बाप्यांनीही माना हलवल्या. ते पाहून रामरावनं मागे बसलेल्या सहदेवच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उभं केलं. सभेला येताना मोटारसायकलवर त्यानं सहदेवला सगळं समजावलं होतं. बंदी झाली तर आधी हॉल बंद होईल, मग तू घरी बसशील, आणि केस झालीच तर बोर्डावर नाव तुझंच आहे.

"हा पाहा," रामराव सभेला म्हणाला. "सत्तावीस वर्षं धुरात हाये. बिडी ओढत नाही. याले काही झालं काय? मी नाही सांगत, यालेच इचारा."

सगळा वऱ्हांडा सहदेवकडे पाहायला लागला. बायकांतून रुखमाबाईही पाहत होती. तिला खामगाव माहीत होतं, पंप माहीत होता. पहाटे अंथरुणात बसून श्वास शोधणारा माणूस फक्त तिनं पाहिला होता. त्या एका क्षणी सहदेवला खरं बोलता आलं असतं. छातीत तेवढी हवा होती.

"मले काही तरास नाही," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं झाले. तब्येत चांगली हाये."

एवढं बोलेपर्यंत त्यानं खोकला दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, मालकावरच्या मायेनं गडी गहिवरला. ग्रामसेवकानं बोलणं वहीत उतरवून घेतलं. अश्विनीच्या बाजूनं मोजके हात वर झाले आणि विषय पडला. त्या हातांत रुखमाबाईचा हात नव्हता.

घरी आल्यावर तिनं भाकरी टाकली, त्याला वाढलं आणि मग म्हणाली, "मी हात वर केला असता तं गावात तुमी खोटे पडले असते. म्हून नाही केला." सहदेवनं ताट बाजूला सारलं. आपण एकटेच खोटं बोललो नाही, हिलाही सोबत ओढलं, याची त्याला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

मार्चात तो हॉलमध्येच पडला, हातातल्या ट्रेसह. पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आला तो नाकात नळी घेऊन. वीज असली की खाटेजवळचं मशीन चाले, वीज गेली की लहान सिलिंडर. एका श्वासाला एक शब्द, फार तर दोन. डॉक्टरनं रुखमाबाईला बाहेर नेऊन सांगितलं की पावसाळा निघाला तर खूप झालं. तिनं ते त्याला सांगितलं नाही आणि त्याला ते कळलेलं होतं. रामराव दोनदा सफरचंदं घेऊन आला. बोर्डावरचं नाव बदलायचं राहिलंय, पेंटर आला की बदलू, असं जाताना म्हणाला.

एप्रिलात एका दुपारी सहदेवचा फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज होता.

"सहदेव घोपे साहेब का? आम्ही राजयोगला जेवायला थांबलोय. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. पडद्यापलीकडे चौघं सिगारेट ओढताहेत, त्यांना सांगितलं तर हसतात. इथे तुमचा नंबर लिहिलाय. तुम्ही येता का जरा?"

इतक्या वर्षांत बोर्ड पाहून आलेली ही पहिली तक्रार. लेकराला घेऊन आधी बाहेर निघा, एवढंच सांगायचं होतं. सहदेवनं हवा ओढली, तोंड उघडलं आणि नुसती घरघर बाहेर आली. पलीकडून दोनदा 'हॅलो, साहेब' आलं आणि मग काही नाही. फोन हातात धरून तो रडला. रुखमाबाईनं त्याला पोरीच्या पाठवणीनंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"मले... सभेत... ने," तो म्हणाला.

एक मेला अश्विनी ऑटो घेऊन आली. दोघींनी त्याला सिलिंडरसकट वऱ्हांड्यात आणून खुर्चीवर बसवलं. ग्रामसेवकानं रिवाजाप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. पाण्याची टाकी, गटाराचं काम, आणि मग : 'हॉटेल कामगार श्री. सहदेव रंगराव घोपे यांनी सांगितले की, सत्तावीस वर्षे धुरात काम करूनही त्यांना कोणताही त्रास नाही. सबब विषय नामंजूर.' इतिवृत्त कायम करायचं का, असं त्यानं विचारलं. सहदेवनं हात वर केला.

सहदेवनं श्वास घेतला, 'ते' म्हणाला, आणि पुढचा शब्द येण्याआधी खोकला आला. या वेळी तो दाबता आला नाही.

रुखमाबाई उठली. "हे सांगून राह्यले का ते खोटं होतं. तवाही तरास होताच."

"ताई, बोलणं त्यांचं आहे," ग्रामसेवक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "बदल त्यांनीच सांगायला पाहिजे. सांगू द्या, आम्ही थांबतो."

ते खरंच थांबले. नळीतून हवा येत होती, पण शब्दांपुरती पुरत नव्हती. शेवटी रामराव पाण्याचा पेला घेऊन आला आणि त्यानं सहदेवच्या पाठीवर हात फिरवला. "राहू दे सहदेव. जीव सांभाळ आधी," तो म्हणाला. त्याच्या त्या मायेनं बायकांचेही डोळे भरले. कोणीतरी पुढचा विषय घ्या म्हटलं आणि इतिवृत्त कायम झालं.

हजेरीची वही सह्यांसाठी फिरत सहदेवच्या मांडीवर आली. त्यानं पेन घेतला. ऑर्डर लिहून लिहून हात तयार होता. नावापुढच्या चौकटीत, शेजारच्या दोन चौकटींवर चढत, त्यानं ऑर्डर लिहावी तसं लिहिलं : 'तरास होता. धूर. खोटं बोललो.'

ग्रामसेवकानं वही परत घेतली, पाहिली आणि जीभ चुकचुकवली. "काका, इथे फक्त सही करायची असते." त्यानं पट्टी ठेवून त्या ओळीवर सरळ रेघ मारली. "हरकत असेल तर साध्या कागदावर अर्ज द्या. पुढच्या सभेत घेऊ."

"पुढची सभा कधी हाये?" रुखमाबाईनं विचारलं.

"पंधरा ऑगस्टला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सहदेवनं मान खाली घातली आणि रेघेच्या खालच्या चौकटीत, सांगितलं तिथे, सही केली.

त्याच्या सहीचा अर्ज रुखमाबाईनं नेऊन दिला. पंधरा ऑगस्टच्या सभेत तो निघाला आणि अर्जदार हयात नसल्याने निकाली काढला, अशी एका ओळीची नोंद झाली. रामरावनं सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. रुखमाबाई बसून राहिली.

पेंटर अजून आलेला नाही. फोन तिच्याजवळ असतो. कधीमधी कोणीतरी 'सहदेव घोपे साहेब का?' असं विचारतो. ते वारले, असं ती सांगत नाही. "बोला, मी ऐकून राह्यली," म्हणते, सगळं ऐकून घेते, आणि लेकराइले घेऊन आधी बाहेर निघा, असं सांगते.