निरर्थक बडबड

पक्षाघातानंतर माझ्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, 'बोलणं निरर्थक.' तीस वर्षं मुलांचं मराठी शुद्ध करणाऱ्या मास्तरला हा शेरा! मला समजत सगळं होतं. बोलायला गेलं की मराठी तोंडात येत नव्हतं, आणि मी चिडून पेला भिरकावत होतो.

डहाणूच्या घरात पत्नी आणि मुलगी माझ्या प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत माना डोलवायच्या. या दोघींशी आता कधीच बोलता येणार नाही, ही एकच भीती मला खात होती.

एका सकाळी मी खाटेवरून असंच पुटपुटलो. मोरीत भांडी घासणारी बाई मागे न वळताच म्हणाली, "ताई, खिडकी लावा ना. गुरुजींच्या डोळ्यावर ऊन येतंय."

पत्नी धावत आली. "तुला कसं कळलं?"

"आता बोलले की! आमच्या बोलीत."

माझा जन्म वेवजीजवळच्या पाड्यावरचा. ती बोली माझ्या आईची. नोकरी लागली आणि मी ती सोडली, घरात तिचा एक शब्द येऊ दिला नाही. ही बाई तलासरीला मी शिकवत असताना माझ्याच वर्गात होती. बोलीत उत्तर दिलं की मी मुलांना उभं करायचो. तिलाही केलं होतं. त्या सकाळी मला तिच्याकडे बघवेना.

स्पीच थेरपी द्यायला येणारी तरुणी मात्र हे ऐकून खूश झाली. मेंदूत भाषांचे वेगवेगळे कप्पे नसतात, असं आताचे संशोधक सांगतात म्हणे. एक भाषा परत आली की कधीकधी तिच्या आधाराने दुसरीही येते. "जी येतेय तिथूनच सुरू करू," ती म्हणाली.

आता भांडी झाली की बाई हात पुसून माझ्यासमोर बसते आणि चित्रं दाखवते. मी आधी बोलीत नाव सांगतो, मग मराठीत. पत्नी शेजारी वही घेऊन बोली शिकते आणि उच्चारांची पार वाट लावते. मी तिला दुरुस्त करतो. खोड जात नाही.

काल खेकड्याच्या चित्राला अडलो. बोलीतला शब्द आला, मराठीतला काही केल्या येईना. बाई माझ्याकडे बघत होती. माझा धड पाय आपोआप जमिनीला टेकला, मी उठायला लागलो.

"बसा, गुरुजी," ती म्हणाली. "सांगितलंत तेही बरोबरच आहे."